बिनधुराची शेगडी

"समदं हाय ह्या घरात," अंजिराआक्का पुटपुटत होती. पाय लांब करून ती पाटावर बसली होती आणि नडग्यांवर पालथ्या घातलेल्या बाळाच्या पाठीवरून तेलाचा अंगठा फिरवत होती. "बाळंतिणीला खाट हाय. पायात इजेचं वाळं हाय. अंगणात डोरोननं हवेतनं औषिद उतरतंय. शेगडी तेवढी न्हाई. शेगडीबिगर बाळंतीण मी उभ्या जन्मात बघितली न्हाई बाबा. गोठ्यातल्या म्हशीला तरी शेकायला मिळतंय."

कुरकूर बाळाच्या कानात चालली होती, पण पोचवायची होती वैजंताला. वैजंता हातभरावर तांब्या घेऊन उभी होती. तिनं ऐकलं आणि ऐकलं नाही.

"पाणी वत की," आक्का म्हणाली.

"आज नगं पाणी. आशाताई रेहाना म्हणलीया, वजन भरंस्तवर नुसतं पुसून घ्या."

"पुसून भांडी घेत्यात."

अंजिराआक्कानं वाघजाळीतली दोन पिढ्यांची पोरं न्हाऊ घातली होती. गावात कुणाचं नाक सरळ असलं तर ते आपण ओढून सरळ केलं, असं तिचं म्हणणं होतं, आणि वाकडं असलं तर आईबापाचं. पण हे बाळ हातात घेताना तिचाही हात हलका व्हायचा. आठव्या महिन्यातच जन्मलेलं, दोन किलोचं बाळ. त्वचा सायीसारखी. आज दहावा दिवस, आणि अजून तळपाय गार.

त्याच्या डाव्या पायातलं वाळं रबरासारखं मऊ होतं. आत बारीक दिवे लुकलुकायचे. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष द्या, तांबडं म्हणजे धावा. सकाळपासून ते पिवळं होतं.

"गार पडतंय पोरगं," आक्का आता पुटपुटली नाही, सरळ वैजंताकडं बघून म्हणाली. "शेगडी का न्हाई ठेवत, ते तरी सांग."

"शेणी भिजल्याती," वैजंता म्हणाली आणि बाळाला दुपट्यात गुंडाळून आत घेऊन गेली.

आत तिची लेक प्रणिता भिंतीला पाठ लावून बसली होती. खाट होती, पण ती खाटेवर झोपत नव्हती. खरं म्हणजे ती झोपतच नव्हती. बाळाला पाजायचं ते ताठ बसून, घड्याळ लावून, पाच मिनिटं. मग त्याला गोधडी घातलेल्या सुपात ठेवायचं आणि सूप दोन हात लांब सरकवायचं. डोळा लागायला आला की ती दंडाला चिमटा काढायची. दोन्ही दंड काळेनिळे झाले होते. आईनं विचारलं तर म्हणायची, डास.

"जरा मांडीवर घे त्याला. गार पडलंय," वैजंता म्हणाली.

"सुपात ठेव."

"प्रणू..."

"आई, सुपात ठेव म्हणते ना."

वैजंतानं ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत प्रणिताची पहिली मुलगी अठरा दिवसांची होऊन गेली होती. रेवा. ते नाव त्यानंतर ह्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. दुपारची आंघोळ झाली होती, मायलेकी दार लावून झोपल्या होत्या. जाग्या केल्या तेव्हा प्रणिताला डोकं उचलवत नव्हतं, ओकाऱ्या होत होत्या, आणि पोर तिच्या काखेशी निपचित पडलेली. तसं बोललं कुणी नाही. पण बायका आल्या, बसल्या, आणि जाताना एकेकीनं प्रणिताच्या अंगापिंडाकडं बघितलं. सासूनं नुसतं विचारलं, "झोप लई गाढ हाय का गं तुला?" तेवढं पुरलं. पोर अंगाखाली आली, हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं, आणि प्रणितानं सगळ्यांच्या आधी.

तेव्हाही पायात वाळं होतं. पण पहिल्या पिढीचं. त्याच्या नोंदीत रक्तातला प्राणवायू शेवटपर्यंत अठ्ठ्याण्णव टक्के. मेलेल्या पोरीच्या रक्तात अठ्ठ्याण्णव. म्हणजे यंत्र बिघडलेलं, असं सगळे म्हणाले आणि ते कपाटात पडलं.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. हे वैजंताला ठाऊक होतं.

त्या श्रावणात आठ दिवस झड लागली होती. शेणी भिजून लगदा झाल्या होत्या, पेटवल्या की डोळ्यांत पाणी येईल असा धूर. म्हणून वैजंतानं खालच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याकडून पोतंभर कोळसा आणला. काय कोळसा होता. टणक, खणखणीत. पेटला की लाल गुंज, आणि धुराची रेघ नाही. तिला वाटलं, आपल्या लेकीच्या नशिबानं हे बरं झालं. धुराची शेगडी असली की दार किलकिलं ठेवावं लागतं, डोळे चुरचुरतात, बाळ ठसकतं. इथं धूरच नाही तर दार कशाला उघडं ठेवा? वारं लागेल बाळंतिणीला. तिनं शेगडी खाटेखाली सारली, खिडकीत वाकळ कोंबली, दार ओढून घेतलं. तासाभरानं आतून वाळं वाजलं, नाडी हुकली की वाजायचं तसं. ते एरवीही दिवसातून दहा वेळा पायातून निसटून वाजायचं, म्हणून तिनं हातातली धुणी वाळत घातली आणि मग आत गेली. शेगडी ओढायला वाकली तशी तिलाच भोवळ आली. तरी तिनं आधी शेगडी उचलून परड्यात नेली, पाणी ओतलं, आणि मग लेकीला हलवलं. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. हातांनी केलं.

नीट कळलं ते दिवाळीनंतर. डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे दोन राखणदार थंडीचं केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपले ते उठलेच नाहीत. त्यावर आशाताई रेहाना मुजावरनं देवळाच्या सभामंडपात बायकांची बैठक घेतली. रेहानाला सोपं करून सांगायची हातोटी होती.

"आपलं रक्त म्हणजे बैलगाड्यांची रांग समजा," ती म्हणाली. "फुप्फुसातून प्राणवायूची पोती भरायची आणि अंगभर पोचवायची. कोळसा कोंडलेल्या जागेत जळला की एक दुसरा वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो त्या गाड्यांत प्राणवायूच्या दोनशे पट घट्ट चिकटून बसतो, उतरत नाही. गाड्या भरलेल्या दिसतात, पोचवत काहीच नाहीत. माणूस ठसकत नाही, तडफडत नाही. त्याला झोप येते. आणि तान्हं बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं, त्यामुळं त्याच्या गाड्या आधी भरतात."

"मग रंग निळा पडतो का?" कुणीतरी विचारलं.

"उलटं. गुलाबी राहतो. जिवंत असल्यासारखा."

वैजंता तिसऱ्या रांगेत बसली होती. रेवा गुलाबी होती. सगळ्या म्हणाल्या होत्या, बघा कशी, आता हसेल असं वाटतंय.

त्या संध्याकाळी घरी जाऊन लेकीला फोन करायचा, असं तिनं ठरवलं. मग म्हटलं, उद्या करू. मग म्हटलं, ती आत्ता कुठं जेवायला लागली आहे, कशाला उकरून काढा. मग संक्रांत आली. एकदा बोलायचं राहिलं की त्या राहण्याचंही सांगावं लागतं, आणि ते रोज वाढत जातं.

रेहाना अकराच्या सुमारास आली. काट्यात बाळ ठेवलं, आकडा बघितला, पुन्हा ठेवून बघितलं.

"एक किलो नऊशे ऐंशी. उतरलंय अजून." ती प्रणितासमोर उकिडवी बसली. "हे बघ, त्याच्या अंगात चरबी नाही, ऊब धरून ठेवायला काही नाही. जी ताकद वाढायला वापरायची ती सगळी गरम राहण्यात संपते. औषध एकच आहे. कपडे काढून त्याला तुझ्या उघड्या छातीवर बेडकासारखं ठेवायचं आणि वरून लुगड्यानं बांधायचं. दिवसरात्र. आईच्या छातीची त्वचा बाळ गार पडलं की आपोआप तापते, ते तापलं की निवते. असलं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही. तुझा श्वास ऐकून त्याचाही श्वास लयीत येईल. तुला झोप आली तर पाठीला उशा लाव, अर्धवट बसून झोप."

"झोप?" प्रणिता म्हणाली.

"झोप. वाळं आहे की राखायला."

"मागच्या वेळीही होतं वाळं."

वैजंता दारात उभी होती, तिनं चौकटीवरचा नसलेला केर नखानं काढला.

"मी बसून पाजते," प्रणिता म्हणाली. "त्याला अंगावर बांधणार नाही. माझ्याजवळ नको त्याला."

"मग उद्या चारला गाडी येईल आणि आम्ही त्याला तालुक्याला काचेच्या पेटीत ठेवू. तिथं आणखी चौदा पोरं आहेत आणि दोन परिचारिका. मी भीती घालत नाही, आहे ते सांगते."

बाहेर पडताना रेहानानं वैजंताला परड्याकडं बाजूला घेतलं.

"मावशी, तिच्या फोनवर एक संदेश येऊन पडलाय. फेरवाचनाचा. उघडलाय का तिनं?"

"कसलं वाचन?"

"जुन्या वाळ्यात दोनच दिवे होते. दोन दिव्यांना प्राणवायूनं लाल झालेलं रक्त आणि त्या कोळशाच्या वायूनं लाल झालेलं रक्त यातला फरक दिसत नाही. आताच्याला आठ दिवे आहेत, त्याला दिसतो. ही आठ दिव्यांची वाळी लाखो बाळांच्या पायात राहिली, त्यातून नाडीच्या, श्वासाच्या बारीकसारीक खुणा मशीन शिकलं. आता ते उलटं जाऊन जुन्या नोंदी पुन्हा वाचतंय, दगावलेल्या बाळांच्या. का गेलं ते सांगतंय. आईनं अंगठा दिला तरच उघडतं, दुसऱ्या कुणाला नाही." रेहानानं आवाज खाली आणला. "दाबलं गेलेलं बाळ धडपडतं, मावशी. प्राणवायूचा आकडा घसरतो. रेवाचा घसरला नव्हता. मी तिला सांगून बघितलं. ती म्हणते, मला नको बघायला, मला माहीत आहे."

वैजंतानं गळ्यातल्या मण्यांची गाठ सरळ केली. "मग त्यात समदं कळतं?"

"दाब कळतो. वायू कळतो. कधी सुरू झालं ते मिनिटानं कळतं."

"आनि माणसं?"

"माणसं नाही कळत, मावशी," रेहाना म्हणाली. तिच्या नजरेला नजर देणं वैजंताला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस असा लागला की समोरचा डोंगर दिसेना. खोलीत ओल आली होती. बाळानं सकाळपासून दोनदाच तोंड लावलं होतं आणि रडणंही सोडलं होतं. वाळ्याचा पिवळा दिवा मधूनमधून नारिंगी व्हायचा. पुण्याहून जावई सागर निघाला होता, घाटात अडकला होता. चार वाजायला अडीच तास होते.

वैजंता मागच्या पडवीत विटा तापवून फडक्यात गुंडाळत होती. सुपाच्या दोन बाजूंना ठेवल्या तर तेवढीच ऊब. विटा लवकर निवत होत्या. तिच्या मनात एकच हिशेब चालू होता: सांगितलं तर लेक हातची जाईल, नाही सांगितलं तर लेकीचं लेकरू जाईल. आणि ह्या हिशेबाला दोन दिवस लागले, याचीच तिला लाज वाटत होती.

तेवढ्यात आतून आवाज आला. बाईचा, शुद्ध, सावकाश, शहरातल्या शाळामास्तरणीसारखा.

"कृपया दार आणि खिडकी उघडा. हवा दूषित आहे. कृपया दार आणि खिडकी..."

"ही कोन बया सांगणारी?" अंजिराआक्काचा आवाज. "गप बस. वारं लागंल."

वैजंताच्या हातातली वीट पडली. ती धावली. खोलीचं दार ओढलेलं, फटीला पोतं लावलेलं. तिनं लाथ घातली. आत सुपाच्या कडेला अंजिराआक्काच्या घरची शेगडी, लालबुंद, धुराची रेघ नाही. आक्का शेजारी समाधानानं बसलेली, भिंतीशी प्रणिता नुकती पेंगेतून डोळे उघडत होती.

"बघ की, धूर न्हाई काय न्हाई. म्या सुनंकडनं चांगला कोळसा..."

वैजंतानं उघड्या हातांनी शेगडी उचलली. तळहात चरचरले ते तिला ऐकू आलं. तशीच ती परड्यात गेली, पावसात शेगडी टाकली, परत येऊन खिडकीतली वाकळ उपसून काढली. पावसाचा वारा खोलीत शिरला. बाई आणखी एकदा "कृपया" म्हणाली आणि थांबली. वाळं तांबड्यावरून हळूहळू नारिंगीवर आलं.

"येडी झालीस का?" आक्का उठून उभी राहिली. "धा मिंटं झाली न्हाईत ठेवून. पोराचं पाय गरम व्हाया लागलं हुतं. वैजंते, माझ्या हातनं शंभर पोरं..."

"आक्का, तुमी घरी जावा."

"तुझं हात भाजल्यात."

"जावा म्हणते."

आक्का गेली. उंबऱ्यावर थांबून तिनं एकदा शेगडीच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, एकदा खाटेकडं, आणि तिच्या तोंडातली पुढची शिवी तिथंच राहिली. पन्नास वर्षं बाळंतिणीच्या खोल्या बघितलेली बाई होती ती. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन पावसात उतरली.

प्रणितानं बाळाला सुपातून उचललं होतं. हातभर लांब धरलं होतं, गरम भांडं धरावं तसं. आधी वाळ्याकडं, मग आईच्या हातांकडं ती बघत राहिली.

"ह्या वेळी बोललं वाळं," ती म्हणाली. "हवा वाईट झाली तर बोलतं."

"व्हय."

"मागच्या वेळी नाही बोललं असं. मागच्या वेळीही शेगडी होती, तूच ठेवली होतीस. पण ते अठ्ठ्याण्णवच दाखवत राहिलं. म्हणजे हवा बरी होती." तिचा आवाज सपाट होता, पाढे म्हणावेत तसा. "म्हणजे मीच."

"प्रणू, ते जुनं वाळं..."

"आई, मी ते उघडते. फेरवाचन." तिनं बाळाला सुपात ठेवलं आणि फोन घेतला. "चारला गाडी येईल. त्याच्या आत कळू दे. मीच दाबली असं निघालं तर मी त्याला पुन्हा हात लावणार नाही. सागरला सांगते, तिकडंच ठेव, तुझी आई वाढवील, बाटलीनं वाढवा. माझ्यापासून लांब जगेल तरी."

पडद्यावर अंगठ्याची जागा उजळली.

वैजंताच्या एकदम लक्षात आलं की आता तिनं काहीच करायची गरज नाही. नुसतं उभं राहायचं. अंगठा टेकेल, मशीन सांगेल की पोर कोळशाच्या वायूनं गेली, आईच्या अंगाखाली नव्हे. लेक सुटेल. बाळ छातीशी जाईल. मग आपण कपाळावर हात मारून घ्यायचा आणि म्हणायचं, अगं बया, आम्हा अडाण्यांना काय ठाऊक असलं विष. सगळ्यांना पटेल. खरंच तेव्हा ठाऊक नव्हतं. मशीनला वायू कळतो, दाब कळतो, मिनिट कळतं. देवळातली ती तिसरी रांग कळत नाही. तिनं चेहरा तसा करायला घेतलासुद्धा.

प्रणिताचा अंगठा काचेच्या वर थांबला.

"एक सांगू?" ती आईकडं न बघता म्हणाली. "सगळ्यांनी मला डोळ्यांनी बोलून दाखवलं. सासूनं, जावांनी, सागरनंसुद्धा एकदा. तू नाही. दोन वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की कशी गं झोपलीस. तुला ठाऊक असून तू मला पदराखाली घेतलंस, असं वाटायचं मला. तेवढ्यावर जगले मी, आई."

वैजंतानं भाजलेला हात पुढं केला आणि फोनवर ठेवला. काच गार होती. बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला किळस आली.

"थांब."

"बघू दे मला."

"बघ. माझं झालं की बघ. ते सांगंल की कोळशानं गेली. ते खरं हाय. कोळसा मी आणला, वाकळ मी कोंबली, दार मी लावलं. वाळं वाजलं तवा मी धुणी वाळत घालत हुते." ती थांबली नाही. थांबली तर पुन्हा उद्यावर जाईल. "पण त्या मशीनला एक ठाऊक न्हाई, ते माझ्या तोंडनं ऐक. मी तुला पदराखाली घेतली न्हाई, प्रणू. मी तुझ्या पदराआड लपले. रेवा तुझ्या अंगाखाली आली न्हाई, माझ्या शेगडीनं गेली, आनि हे मला दोन वर्सं ठाऊक हाय."